एका बिडीला किती वेळ लागतो

आठ तासांत हजार बिड्या वळायच्या म्हटलं तर एका बिडीच्या वाट्याला जेमतेम २९ सेकंद येतात. पान कातरणं, त्यात तंबाखू पसरणं, वळणं, दोरा गुंडाळणं, तोंड मुडपणं, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधणं, सगळं त्या २९ सेकंदांतच बसवायचं. पाणी प्यायला उठलं की तेही त्यातूनच वजा. आमच्या सोलापुरात बिडीची मजुरी हजारावर मिळते हे लहान पोरालाही माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि तो वेळ स्वतः बसून काढणं वेगळं. माहितीपट नावाची गोष्ट मला त्यासाठीच लागते. प्रेक्षकाला तो वेळ बसून काढायला लावता येतो.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करून घर चालवते आणि त्यातून सुटेल त्या वेळात माहितीपट करते. बिडी कामगार बायकांवरचा माझा छोटा माहितीपट नुकताच पूर्ण झाला. त्यात एक शॉट आहे. बाईच्या हातात पान येतं तिथून सुरू होतो आणि तयार बिडी सुपात पडते तिथे संपतो. मध्ये एकही कट नाही. तो शॉट बघून दोन-तीन जाणत्या मित्रांनी सांगितलं, ‘लांबलाय, निम्मा कर.’ मी केला नाही. का केला नाही ते नीट लिहावं म्हणून आज बसले आहे.

बिडीकामाचं जे चित्रण आपण नेहमी बघतो ते साधारण एकाच साच्यातलं असतं. बोटांचा क्लोजअप दोन सेकंद, सुरकुतलेला चेहरा दोन सेकंद, सुपातल्या बिड्यांचा ढीग दोन सेकंद, मागे बासरी. दिसायला सुंदर असतं, मी नाही म्हणत नाही. पण त्यात हात दिसतात आणि दिवस दिसत नाही. ज्या कामाचा मोबदला नगावर ठरतो त्या कामात वेळ हीच मुख्य गोष्ट. ती कापून टाकली की उरतं ते फक्त नक्षीकाम. माझं म्हणणं एवढंच आहे की काम करणाऱ्या माणसाचं काम एकदा तरी, पडद्यावर, त्याला लागतो तेवढा वेळ देऊन दाखवा. नंतर काय कापायचं ते कापा.

ज्यांच्या घरी हे चित्रीकरण केलं त्या बाईंना मी अक्का म्हणते, इथेही तेच म्हणेन. नाव आणि गल्ली मुद्दाम लिहीत नाही. सोलापूरच्या पूर्वभागात राहतात, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. घर म्हणजे एक खोली आणि पुढे चार हात ओटा. बसायची जागा दाराच्या डाव्या अंगाला ठरलेली, कारण सकाळी उजेड तिथे येतो. मला वेगळा दिवा लावावाच लागला नाही. लावलाही नसता. माणूस ज्या उजेडात रोज बसतो तो उजेड त्यानं वर्षानुवर्षं निवडलेला असतो, आपण एका दिवसात त्याहून चांगला काय आणणार?

कॅमेरा कुठे ठेवायचा हा पहिला प्रश्न. अक्का जमिनीवर बसतात, मांडीवर सूप. उभ्या ट्रायपॉडवरून त्यांचा भांग आणि पाठ दिसायची, चेहरा दिसायचा नाही. ट्रायपॉड बाजूला केला, पाटावर तांदळाची पिशवी टाकली, तिच्यात कॅमेरा रुतवला. लेन्स त्यांच्या नजरेच्या किंचित खाली आली. तिथून हात, सूप आणि चेहरा एकाच चौकटीत बसतात. या तीन गोष्टी एकत्र दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. हात आणि चेहरा वेगवेगळ्या शॉटमध्ये दाखवले की काम कोणाचंही होतं. एका चौकटीत असले की ते त्या बाईचं होतं.

आता त्या हातांकडे जरा जवळून बघा. रात्री भिजवून ठेवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या साच्यावर धरून कातरलेलं असतं. कातरलेल्या पानांची चवड डाव्या गुडघ्याजवळ. अक्का पान उचलतात तेव्हा अंगठ्यानं त्याच्या शिरेवरून एकदा हात फिरवतात. शीर जाड असेल तर बिडी फुगते. मग चिमटीभर तंबाखू. चिमूट वजनाला दर वेळी सारखीच पडते, डोळे भलतीकडे असले तरी. पान दोन्ही हातांच्या बोटांत फिरतं, एका टोकाला निमुळतं होत जातं, रुंद टोक नखानं आत दुमडलं जातं, आणि दोरा दोन वेढे घेऊन तुटतो. तो दोरा तुटतानाचा बारीक ‘टक’ आवाज कॅमेऱ्याच्या माइकला मिळेना. मी रेकॉर्डरचा माइक सुपाच्या कडेला, चौकटीच्या जरा बाहेर ठेवला तेव्हा मिळाला. त्या खोलीत पंखा बंद असतो. पंखा लावला तर तंबाखू उडतो. बाहेर सोलापूरचा मे महिना, पारा ४२ च्या पुढे, आणि आत पंखा बंद. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीनं याहून स्वच्छ खोली मिळणार नाही. पण ज्या बाईला त्यातच दिवस काढायचा असतो तिच्या अंगावर काय येत असेल, ते मी घामानं निसटणारा हेडफोन सावरत अनुभवलं. म्हणून पंख्याचं ते बंद पातं मी माहितीपटात ठेवलंय. त्याबद्दल कोणी काही बोलत नाही, नुसतं दिसतं.

मुलाखत म्हणून वेगळी घेतली नाही. खुर्चीवर बसवून, पदर नीट करायला लावून, ‘बोला’ म्हटलं की सोलापूरची कुठलीही बाई सभेत बोलल्यासारखी बोलते. अक्कांनीही पहिल्या भेटीत तसंच केलं. ‘आम्ही सर्व महिला कामगार’ अशी सुरुवात. हात चालू झाले की बोलणं बदलतं. नजर कॅमेऱ्यावर नसते, पानावर असते. प्रश्नाचं उत्तर लगेच आलं पाहिजे असं दडपण राहत नाही, कारण मधली शांतता बिडीनं भरलेली असते. एक बिडी संपते, दुसरी सुरू होते, आणि मग त्या आधीच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात. मी पुढचा प्रश्न विचारायची घाई करत नाही. नवीन मुलामुलींना हे सांगते तेव्हा त्यांना पटत नाही, पण समोरच्याचं वाक्य संपल्यावर मनात दहा आकडे मोजा. त्या दहांत जे येतं तेच पुढे माहितीपटात राहतं.

सर्वात चांगलं बोलणं मराठीत नव्हतं. सून भाजी घेऊन आली, दोघींची तेलुगूत जुंपली, पोराच्या शाळेच्या फीवरून. हसणं, टोमणे, उसासे, सगळं त्यात. माझी तेलुगू बाजारापुरती. त्याच गल्लीत वाढलेली माझी एक मैत्रीण सोबत असायची. तिनं ते सगळं बोलणं ऐकून वहीत उतरवलं, प्रत्येक वाक्यापुढे वेळ लिहून. मिनिट किती, सेकंद किती. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. मराठीसारखंच तेलुगूतही क्रियापद शेवटी येतं, नकारही बहुतेक शेवटीच येतो. न कळणाऱ्या भाषेत आवाज उतरला की वाक्य संपलं असं समजून कात्री लावली, तर बाई जे नाकारत होती तेच तिच्या तोंडी घातलं जाईल. म्हणून वही समोर नसेल तर मी तेलुगूच्या एकाही तुकड्याला हात लावत नाही. शेवटचं संकलन झाल्यावर ते पुन्हा अक्कांना ऐकवलं. फीचा आकडा काढायला सांगितला, काढला.

पैशांचं बोललं पाहिजे. माहितीपट करणाऱ्यांत एक जुना दंडक आहे की मुलाखतीचे पैसे द्यायचे नाहीत, दिले की शब्द विकत घेतल्यासारखे होतात. मला तो दंडक मान्य आहे, पण तो महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यांनी केलेला दिसतो. इथे मी ‘जरा थांबा हं अक्का, बॅटरी बदलते’ म्हटलं की त्यांच्या हजारातल्या पाच-सात बिड्या गेल्या. मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की तुम्ही थांबायचं नाही, मी तुमच्या मागे येईन. आणि माझ्यामुळे जेवढं काम मागे पडेल त्याची मजुरी त्यांच्याच दरानं भरून देईन. बोलण्याचे पैसे नाहीत, थांबण्याचे आहेत. त्यांना हा हिशेब लगेच पटला. बिडीच्या कारखान्यात माल दिल्यावर छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या, किती निघाली, वजन कमी म्हणून काय ऐकावं लागलं, याबद्दल त्या बोलल्या, पण ते बोलणं मी त्यांचा चेहरा दिसत असताना वापरलं नाही. ज्या दारात त्यांना उद्या पुन्हा सूप घेऊन उभं राहायचंय ते दार माझ्या माहितीपटामुळे बंद होता कामा नये. तिथे आत कॅमेरा न्यायची परवानगी मिळाली नाही. मी अक्का माल घेऊन गल्लीच्या वळणावर दिसेनाशा होतात तो शॉट घेतला आणि त्याच जागी थांबून त्या परत येतात तोही घेतला.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी प्रत्येक गोष्ट आहे त्या वेगानंच दाखवा म्हणतेय असं वाटेल. वेळ वाढवावा लागतो, कमीही करावा लागतो. कुठे, तो प्रश्न आहे.

याच माहितीपटात अक्कांचा मुलगा टॉवेलाच्या मागावर काम करतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. सोलापूरचा टर्किश टॉवेल सगळ्यांनी अंग पुसायला वापरलाय, पण त्याचे फासे, म्हणजे वर आलेले धाग्यांचे वेढे, कसे उठतात हे मी मागाजवळ उभी राहूनही बघू शकत नव्हते. टॉवेलाला ताणे, म्हणजे उभे धागे, दोन प्रकारचे असतात. एक ताठ, कापडाच्या पायाचा. दुसरा सैल सोडलेला, फाशांचा. धोटा जातो, बाणा म्हणजे आडवा धागा पडतो, तो ठोकणारी फणी पुढे येते, पण कापडाच्या कडेपर्यंत पोचत नाही, अलीकडेच थांबते. पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्या फेरीला मात्र फणी पूर्ण पुढे येऊन तिन्ही बाणे एकदम कडेला ठोकते. ताठ ताणा जागचा हलत नाही, बाणे त्यावरून सरकतात, आणि सैल ताणा मधल्या जागेत मावेनासा होऊन वर-खाली फुगतो. तो फुगा म्हणजे टॉवेलाचा मऊपणा. हे सगळं मिनिटाला शंभराच्या आसपास फेऱ्यांच्या वेगानं चालतं. माणसाच्या डोळ्याला नुसती थरथर दिसते.

तिथे मी सेकंदाला १०० चौकटींनी चित्रीकरण केलं आणि २५ च्या वेगानं दाखवलं. चौपट संथ. शटर १/१०० सेकंदावर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, शटर त्या तालात नसेल तर पडद्यावर पट्टे फिरायला लागतात. कारखान्यात चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट आधी पाठ करावी. दर थोड्या वेळानं लेन्सवरचा कापसाचा फुफाटा हवेच्या पंपानं उडवावा लागतो. कापडानं पुसलं तर तो घासला जातो. एवढं करून ती तिसरी ठोक दिसली. दोनदा अर्धवट, तिसऱ्यांदा पूर्ण. पोराला लॅपटॉपवर दाखवलं तर तो स्वतःचाच माग पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत राहिला, मग म्हणाला, ‘हेच्यात फणी जरा वाकडी दिसायली बघा.’ दुसऱ्या दिवशी जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, दाखवून नीट करून घेतली.

म्हणजे डोळ्याला जे दिसूच शकत नाही तिथे वेळ ताणायला माझी काहीच हरकत नाही. आक्रसायलाही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा लावून, ठरावीक अंतरानं एकेक चौकट घेत, रोप उगवतानाचं चित्रण केलं होतं. भांडवल देणाऱ्याला या माध्यमाची ताकद पटावी म्हणून. रोप उगवताना कोणी बघत बसू शकत नाही, म्हणून त्यांनी ते दिवस मुठीत आवळून दाखवले. त्याही आधी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावे दादांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. त्या काळच्या कॅमेऱ्यात मिनिटभराच्या आसपास मावेल एवढीच फिल्म बसायची. कॅमेरा समोर ठेवायचा, मूठ फिरवायची, फिल्म संपेपर्यंत जे होईल ते घ्यायचं. आपल्याकडच्या माहितीपटाची सुरुवात एका मराठी माणसानं अशी केली आहे: समोर अंग घामाघूम करणारी दोन माणसं आणि मध्ये कट नाही. मला ही गोष्ट आठवली की धीर येतो.

बिडी मात्र डोळ्याला दिसते. व्यवस्थित दिसते. ती संथ करायचं कारण नाही आणि भराभरा पळवायचं तर नाहीच. संथ केली तर अक्का कवितेतल्या होतात, पळवली तर यंत्र होतात.

कारखान्यातल्या आवाजाचं थोडं सांगते. खटखट इतकी असते की तिथे कोणाचं बोलणं घेता येत नाही, घ्यायचा हट्टही करू नये. मागावरची माणसं एकमेकांशी बोटांनी आणि भुवयांनी बोलतात, ते चित्रित करा. बोलणं नंतर, माग बंद असताना. आणि बंद कारखान्याचाही आवाज घ्या. अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि नुसता त्या जागेचा आवाज नोंदवायचा. पत्रा तापून कडकडतो, कुठेतरी कबुतर असतं. बोलण्याच्या दोन तुकड्यांमधली फट त्यानंच बुजते. त्याऐवजी तिथे निखळ शांतता टाकली तर प्रेक्षकाला स्पीकर बंद पडला असं वाटतं.

मला कायम विचारतात, सोलापुरात एवढे मोठे विषय असताना बिडी आणि टॉवेलच का? विषय मोठे आहेतच. इंग्रजांनी इथे लावलेला १९३० चा मार्शल लॉ आहे, १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन आहेत. चीनमध्ये सेवा करताना १९४२ ला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात जन्मले. त्यांच्यावर काम व्हावं, जास्त व्हावं. पण ते काम कागदांचं, छायाचित्रांचं, आठवणींचं आहे, त्याची रीत वेगळी. अक्कांचं काम आज चालू आहे. ते संपल्यावर कोणी संग्रहालयात सूप आणि पत्र्याचा साचा मांडेल, पण ती चिमूट काचेच्या कपाटात ठेवता येणार नाही.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचंही मला असंच वाटतं. अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याभोवती हजारो मोबाइल वर असतात, आणखी एका कॅमेऱ्याची तिथे गरज नाही. नंदीध्वजाची उंच काठी पेलणारी पोरं यात्रेच्या आधी सराव करतात तिथे जा. काठी उचलताना श्वास कुठे धरला जातो, तोल गेला की मागचा माणूस पाय कसा लावतो, हे तिथे बघायला मिळतं. एक उचल पूर्ण घ्या, खाली ठेवेपर्यंत.

माहितीपट पहिल्यांदा दाखवला तो अक्कांच्याच गल्लीत. प्रोजेक्टर लग्नाच्या कामातला, पडदा भाड्याचा, बायका जेवणं उरकून आल्या. सुरुवातीला एकमेकींना ओळखून हसणं, पोरांचा दंगा. तो बिडीचा शॉट आला आणि बोलणं थांबलं नाही, उलट वाढलं. ‘दोरा सैल लागलाय गं तिचा.’ ‘पान जून आहे ते, बघ कसं वळंना.’ ‘तंबाखू बरोबर टाकती अक्का.’ एका म्हातारीनं तर पडद्यावरची बिडी पूर्ण व्हायच्या आत हवेत स्वतःची बोटं फिरवून आपली संपवली आणि आजूबाजूला बघितलं. ज्यांना हे काम येतं त्यांना तो शॉट लांब वाटत नाही, त्यात बघण्यासारखं खूप असतं. ज्यांना येत नाही त्यांना पहिले काही सेकंद अस्वस्थ वाटतं, मग ते बघायला लागतात. पुण्यात एका छोट्या खोलीत दाखवला तेव्हा तसंच झालं. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न मजुरीच्या दराचा आला. एका मुलानं मनातल्या मनात भागाकार करून ठेवला होता.

आता ऑनलाइन टाकायचा आहे तर मला तीन मिनिटांची आवृत्ती करून मागितली आहे. करेन. पूर्वभागाची दृश्यं जातील, मागाचा तुकडा जाईल, माझं निवेदन तर पूर्णच जाईल. तो शॉट तेवढाच राहील.

पुढचं काम चादरीचं आहे. जकार्डच्या मागावर नक्षी चढते ती भोकं पाडलेल्या कार्डांवरून, आणि मला ती कार्डं हातानं पंच करणारा माणूस हवाय. कागदावरच्या चौकोनापासून कार्डाच्या शेवटच्या भोकापर्यंत सगळं घ्यायचं आहे. कोणाच्या ओळखीत, नात्यात, शेजारात असे कोणी काका-मामा असतील, अजून काम करत असतील किंवा सोडलं असलं तरी अवजारं जपून ठेवली असतील, तर मला कळवा. दिवाळीनंतर सुरू करतेय. त्यांनी काम थांबवायचं नाही, मी त्यांच्या वेळेनं येईन.